वाचता येते, पण उमगत नाही

सहावी-सातवीतील मुलांविषयी पालकांची एक तक्रार हमखास ऐकू येते : मुलाला वाचनाची गोडीच नाही. तक्रार करणाऱ्या अनेक घरांत याच मुलाला पहिली-दुसरीत जवळ बसवून वाचायला शिकविलेले असते. अक्षरे जुळू लागली, धडा घडाघडा म्हणता येऊ लागला, की आपले कर्तव्य संपले अशी घराची समजूत होते आणि मूल पुस्तकापाशी एकटे पडते. दुर्दैव असे, की नेमके त्याच सुमारास वाचन अवघड होऊ लागलेले असते.

प्रारंभीच्या इयत्तांत मूल वाचायला शिकते; पुढे त्याला वाचून शिकावे लागते. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतले शब्द त्याने आधी कानांनी ऐकलेले असतात. विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र मात्र 'बाष्पीभवन', 'प्रकाशसंश्लेषण', 'सार्वभौमत्व' असे शब्द घेऊन येतात. ते ना स्वयंपाकघरात कानावर पडतात, ना अंगणात. मूल त्यांचा उच्चार बिनचूक करते, अर्थ मात्र हाती लागत नाही. मग पाठांतराखेरीज मार्ग उरत नाही. ज्याला घरात आळस म्हटले जाते, तो पुष्कळदा न उमगल्याचा थकवा असतो.

काही मुलांची अडचण याहूनही मूलभूत आहे. ग्रामीण भारतात घरोघर जाऊन केलेल्या 'असर' पाहणीच्या २०२२ च्या अहवालानुसार आठवीतील ६९.६ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०१८ मध्ये हे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. म्हणजे दहांतील तीन मुले आठवीत पोहोचूनही दुसरीच्या पुस्तकापाशी अडखळत होती. अशा मुलापुढे जाडजूड ग्रंथ ठेवून 'वाच' म्हणणे, हे पोहता न येणाऱ्याला विहिरीच्या काठावरून हुकूम सोडण्यासारखेच होय.

यावर उपाय खर्चिक नाही. रात्रीच्या जेवणानंतरची पंधरा-वीस मिनिटे पुरतात. एक परिच्छेद वडिलांनी मोठ्याने वाचावा, पुढचा मुलाने. मोठ्या मुलाला वाचून दाखविणे म्हणजे पोरकटपणा, ही समजूत चुकीची आहे. स्वतःला पेलणार नाही असा मजकूरही त्याला ऐकून समजतो. आईचे शिक्षण थोडे असले तरी बिघडत नाही. 'काय वाचलेस ते मला सांग', एवढे तिने विचारावे आणि मनापासून ऐकावे. दुसऱ्याला सांगताना आपल्याला काय कळले नाही, हे मुलाचे त्यालाच कळते. कठीण शब्द आला तर तो फोडून पाहावा. 'बाष्प' म्हणजे वाफ, 'भवन' म्हणजे होणे. शेगडीवरील चहाच्या आधणाकडे बोट दाखविले की बाष्पीभवन घरचे होते. इंग्रजी माध्यमातील मुलाला हाच अर्थ मराठीतून सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. एका भाषेत स्पष्ट झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते.

पुस्तकाची निवड मुलाची असावी. क्रिकेटच्या बातम्या, 'फास्टर फेणे'ची साहसे, बालभारतीतर्फे १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक, यांपैकी काहीही चालेल. पानोपानी अडखळत असेल, तर सोपे पुस्तक द्यावे. न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर सोडण्याची मुभाही त्याला असावी. ओळी वारंवार सुटत असतील, डोके दुखत असेल, तर प्रथम डोळे तपासून घ्यावेत. पुष्कळ प्रयत्न करूनही अक्षरांचा गोंधळ सुटत नसेल, तर शिक्षकांशी बोलून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तेथे धाकदपटशाचा उपयोग नाही.

दिवसभर कचेरीत खपून आणि लोकलच्या गर्दीतून घरी परतणाऱ्या माणसाला वेळ कोठून मिळणार, हा प्रश्न खोटा नाही. परंतु शिकवणीची फी भरण्यासाठी जो जादा काम करतो, त्याने त्या फीतून काय विकत मिळत नाही, याचाही विचार करावा. शाळांनीही पालकसभेत केवळ गुणांचे आकडे वाचून दाखवू नयेत; मूल कोणत्या पातळीचा मजकूर समजून वाचते, हे पालकांना स्पष्टपणे सांगावे. मुलाची इयत्ता दरवर्षी आपोआप वाढते. त्याचे वाचन तसे वाढत नाही. त्याला घरात कोणीतरी ऐकणारे लागते.