अडथळामुक्त आरोग्यसेवा : नियोजनाची कसोटी

चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती नोएडाहून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत उपचारासाठी येते, तेव्हा तिचा प्रवास एकच असतो. जबाबदारी मात्र अनेकांत विभागलेली असते. घराजवळचा पदपथ उत्तर प्रदेशातील प्राधिकरणाचा, मेट्रो केंद्र व दिल्ली सरकारच्या समान भागीदारीतील महामंडळाची, स्थानकाबाहेरचा रस्ता दिल्लीतील यंत्रणांचा आणि रुग्णालय केंद्राचे. यातील एक दुवा तुटला, तरी उर्वरित सुविधांवरील खर्च तिच्यापुरता निष्फळ ठरतो. सुगम्यता ही एकेका इमारतीची नव्हे, तर संपूर्ण साखळीची बाब आहे, ती यामुळेच.

अडथळा केवळ पायऱ्यांचा नसतो. क्रमांक पुकारला जात असेल, तर कर्णबधिर रुग्णाची पाळी चुकते. तो केवळ फलकावर झळकत असेल, तर दृष्टिहीनाची.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सार्वजनिक इमारतींतील उतार वगैरे सुविधा शासनाच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' ठेवल्या होत्या. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम २५ ने शासकीय तसेच खासगी रुग्णालयांचे सर्व भाग अडथळामुक्त करण्याची जबाबदारी शासनावर सोपविली. तथापि, २०१७ च्या नियमांतील नियम १५ (१) नुसार ठरविलेली मानके प्रत्यक्षात बव्हंशी शिफारसवजा राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि किमान मानके बंधनकारक करण्याचा आदेश दिला.

खर्चाचा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. परंतु आराखड्यातच उताराची तरतूद केल्यास येणारा खर्च बांधकामानंतरच्या फेरबदलांपेक्षा कमी असतो. शिवाय सुविधा टाळल्याने खर्च नाहीसा होत नाही; तो रुग्णाच्या कुटुंबावर पडतो. सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, खासगी वाहनाचे भाडे आणि लांबलेले उपचार यांची नोंद शासकीय अंदाजपत्रकात होत नाही, एवढेच.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि तात्पुरते जायबंदी झालेले रुग्ण यांनाही याच सुविधा लागतात. म्हणून रुग्णालयात किती उतार बांधले, एवढ्यावरून नियोजनाचे मूल्यमापन करणे अपुरे आहे. रुग्ण घरापासून तपासणीच्या खोलीपर्यंत कोणाच्याही मदतीविना पोहोचू शकला का, हीच त्याची खरी कसोटी होय.