बॅटरी नवी, कण्हणे जुनेच

डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगरच्या वेधशाळेतला पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरू लागला, की पुण्यातल्या जुन्या गाड्या कुरकुरू लागतात. किल्ली फिरवल्यावर सलग 'घर्रर्र' ऐकू येण्याऐवजी 'घुं... घुं...' असे कण्हणे ऐकू येते. आमच्या प्रीमिअर पद्मिनीचे असेच झाले. (कुर्ल्याला तयार होणारी ही गाडी बनणे केव्हाच बंद झाले, तेव्हा आमच्या गाडीचे वय वेगळे सांगायला नको.) गॅरेजमध्ये 'बॅटरी गेली' असे सांगितले गेले. आम्ही मुकाट्याने नवी बॅटरी घेतली. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा कण्हणे सुरू!

आधी एक फरक लक्षात घेऊ. इंजिन झपाझप फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा संशय पेट्रोलवर किंवा ठिणगीवर घ्यावा. इंजिन फिरतेच हळू, तेव्हा ते फिरवणाऱ्या व्यवस्थेकडे पाहावे. हे काम पूर्वी माणूस हँडल मारून करत असे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत विजेची मोटर ते करू लागली. थंडीत या मोटरचे काम वाढते, कारण तीस अंशांच्या मानाने दहा अंशांना इंजिनातले तेल साधारण तिप्पट घट्ट होते. त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते. पण पुण्याची थंडी ती काय! तेवढ्याने धडधाकट गाडी अडत नाही.

आम्ही मल्टिमीटर काढला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे उत्तम. मग मीटर ओहमवर ठेवून एकेक जाड तार तपासली. सगळीकडे ०.३ ओहम, मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तेवढेच! म्हणजे तो रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींचा होता. तारा निर्दोष ठरल्या, आणि इथेच आम्ही फसलो.

स्टार्टर मोटर सुमारे १५० अँपिअर प्रवाह घेते. ओहमच्या नियमात हा आकडा घालून बघा. वाटेत कुठे ०.०१६ ओहम इतका क्षुल्लक रोध असला, तरी १५० ने गुणल्यावर २.४ व्होल्ट तिथेच खर्च होतात. इतका लहान रोध साधा मीटर दाखवूच शकत नाही. तो शोधायचा तर मोठा प्रवाह वाहत असताना व्होल्ट मोजायला हवेत.

तसे आम्ही केले. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून इंजिनाच्या धातूला जोडली, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. एकाने किल्ली फिरवली, दुसऱ्याने मोजले. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १०.६ व्होल्ट, मोटर चालताना एवढी घट होणारच. बॅटरीच्या धन टोकापासून मोटरपर्यंत ०.२ व्होल्टची घट, म्हणजे ठीक. ऋण टोक आणि मोटरचे धातूचे अंग यांच्यामध्ये मात्र चक्क २.४! मोटरच्या वाट्याला उरले आठ व्होल्ट.

परतीच्या वाटेवर असे काय होते? बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. इंजिन मात्र रबरी ठोकळ्यांवर बसवलेले, आणि रबर तर विद्युतरोधक. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. आमची पट्टी हिरवी पडून अर्धी तुटली होती. मग थोडा प्रवाह मिळेल त्या वाटेने, म्हणजे चोकच्या तारेतूनही, परतत होता. ती तार गरम लागते, हे आमच्या आधीच लक्षात आले होते; पण तिचा आणि कण्हण्याचा संबंध आम्हाला जुळवता आला नाही.

मग नव्या बॅटरीने चार दिवस गुण का आला? ती पूर्ण भारित होती. ती बसवताना टोकांवरचे क्लॅम्प घासून स्वच्छ झाले. शिवाय त्या चार दिवसांत आभाळ आले होते, आणि ढगाळ पहाट उबदार असते. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या आणि श्रेय बॅटरीला मिळाले. जुनी बॅटरी आम्ही मोडीत देऊन बसलो होतो. नवी पट्टी नाना पेठेत मिळाली, बॅटरीच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत. (ती बदलताना बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. धन आधी सोडली आणि पाना सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते.)

वर्गात गाडी आणायची गरज नाही. टॉर्चचे दोन सेल, बल्ब आणि मध्ये शिसपेन्सिलीच्या शिशाचा तुकडा असे मंडल जोडा. बल्ब पेटलेला असताना शिशाच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा. मग बल्ब काढून पुन्हा मोजा. शिसे तेच, सेल तेच, तरी आता मीटर शून्य का दाखवतो, हे मुलांना विचारा. 'शिशाचा रोध नाहीसा झाला' असे उत्तर हमखास येईल. ते लगेच खोडू नका, बल्ब पुन्हा लावायला सांगा.