मनुष्य का हसतो?

हास्य हा नित्य परिचयाचा व्यापार असल्यामुळे त्याविषयी कुतूहल क्वचितच वाटते. परंतु थोडा विचार केला, तर ही क्रिया विलक्षण आहे असे दिसून येईल. कोणी एखादे वाक्य उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याचा श्वास तुटक होतो, गळ्यातून अर्थहीन ध्वनी निघू लागतात. हसू अनावर झाले, तर उभे राहणेही कठीण होते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याची गणना आठ रसांत केलेली असून स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे त्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत. स्मितात दात दिसत नाहीत. अतिहसितात डोळ्यांत पाणी येते आणि हातांनी कुशी धराव्या लागतात. हे निरीक्षण आजच्या शरीरशास्त्रज्ञासही मान्य होईल. मात्र मनुष्य कशासाठी हसतो, आणि हसण्याने प्रकृतीस खरोखर लाभ होतो काय, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगांनी शोधण्याचे काम बरेच अलीकडचे आहे.

शरीरात काय घडते?

हसणे ही मुख्यतः श्वासाची क्रिया होय. छातीचे व पोटाचे स्नायू वारंवार आकुंचन पावून फुप्फुसांतील हवा लहान लहान झटक्यांनी बाहेर लोटतात. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हास्यध्वनींचे मापन केले, तेव्हा एक ‘हा’ सुमारे १/१५ सेकंद टिकतो आणि दर १/५ सेकंदाच्या सुमारास त्याची पुनरावृत्ती होते, असे आढळले.

चेहऱ्यावर दोन स्नायूंचे कार्य महत्त्वाचे असते. गालाचा एक स्नायू ओठांचे कोपरे वर ओढतो, तर डोळ्याभोवतालचा वर्तुळाकार स्नायू डोळे किंचित बारीक करतो. फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनी १८६२ साली असे प्रतिपादन केले की, पहिला स्नायू इच्छेनुसार हलविता येतो. दुसरा बहुधा खऱ्या आनंदानेच हलतो. म्हणूनच छायाचित्रापुरते आणलेले हसू ओठांवर दिसते, डोळ्यांत दिसत नाही.

विनोद की सहवास?

हसण्याचे कारण विनोद, असे सामान्यतः समजले जाते. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९० साली मांडलेल्या मतानुसार, ताणलेली अपेक्षा अकस्मात फोल ठरली म्हणजे हसू येते. विनोदाच्या बाबतीत हे मत बरेच पटण्यासारखे आहे. परंतु सर्व हास्याचा उलगडा त्याने होत नाही. प्रोव्हाइन यांनी लोकांच्या नित्य संभाषणातील सुमारे १,२०० हास्यप्रसंगांची नोंद केली. त्यांपैकी फार तर पाचांश प्रसंगी हसण्यापूर्वी काही विनोदी बोलणे झालेले होते. बाकीच्या वेळी ‘बरे, भेटू पुन्हा’ अशा साध्या वाक्यांवरच लोक हसले होते. शिवाय, मनुष्य एकटा असताना जितके हसतो, त्याच्या सुमारे तीसपट तो इतरांच्या सहवासात हसतो, असेही त्यांना आढळले.

याचे मूळ प्राण्यांच्या खेळात सापडते. गुदगुल्या केल्या असता चिंपांझीची पिले हास्यासारखा धापांचा आवाज करतात, याकडे चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली लक्ष वेधले होते. याक पँक्सेप व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९० नंतरच्या दशकात असे दिसले की, गुदगुल्या केलेले उंदीर सेकंदाला सुमारे ५०,००० कंपनांचा सूक्ष्म ध्वनी काढतात. मनुष्याच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० कंपनांची असल्यामुळे तो आपणांस ऐकू येत नाही. झोंबाझोंबी चालली असता अशा ध्वनीचा अर्थ ‘हे भांडण नव्हे, खेळ आहे’ असाच असावा. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करून हसू येत नाही, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. हास्याला बहुधा दुसरे कोणी तरी लागते.

लाभ किती?

नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकास १९६४ साली सांध्यांच्या कठीण विकाराने ग्रासले. दहा मिनिटे मनमुराद हसल्यावर दोन तास वेदनारहित झोप लागते, असा अनुभव त्यांनी १९७६ साली एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. तथापि ते त्याच वेळी ‘क’ जीवनसत्त्वही मोठ्या प्रमाणात घेत होते. त्यामुळे गुण कशाने आला, हे एका रुग्णावरून ठरविता येत नाही.

पुढील प्रयोगांनी काही गोष्टी स्पष्ट केल्या. रॉबिन डनबार यांच्या पथकाला असे आढळले की, इतरांसोबत हसल्यानंतर माणसे अधिक वेदना सहन करू शकतात. फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी २०१७ साली बारा पुरुषांच्या मेंदूंची तपासणी करून, मित्रांसह हसल्यावर मेंदूत अफूसारखा परिणाम करणारी नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे दाखविले. मायकेल मिलर यांनी २००५ साली वीस निरोगी व्यक्तींना विनोदी चित्रपटातील भाग दाखविला. त्यानंतर बहुतेकांच्या रक्तवाहिन्या अधिक प्रसरण पावल्या. व्यायाम म्हणून मात्र हास्याचे मोल अल्प आहे. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे हसल्याने सुमारे १० ते ४० कॅलरी खर्च होतात. इतक्या कॅलरी केळ्याच्या एका तुकड्यातही मिळतात.

हे सर्व परिणाम अल्पकालीन असून प्रयोगांतील व्यक्तींची संख्या लहान आहे. हास्याने एखादा रोग समूळ बरा होतो, असे त्यांवरून म्हणता येत नाही. औषध सोडून हास्यावर विसंबणे तर घातक ठरेल. दम्याच्या रुग्णास जोराच्या हसण्याने धाप लागू शकते. हास्य हे नेहमी आनंदाचेच लक्षण असते, असेही नाही. १९६२ साली टांगानिकातील, म्हणजे आजच्या टांझानियातील, काशाशा गावी मुलींच्या शाळेत हसण्याची व रडण्याची साथ पसरून शाळा बंद ठेवावी लागली होती. त्यामागे मानसिक ताण होता, असे मानले जाते.

१९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतील एका उद्यानात पाच जणांचा हास्यमंडळ सुरू केला. आरंभी सभासद एकमेकांस विनोद सांगत. पण थोड्याच दिवसांत विनोदांचा साठा संपला. तेव्हा विनोदावाचूनच एकत्र हसावयाचे ठरले. आरंभी मुद्दाम आणलेले हसू एकमेकांकडे पाहता पाहता खरे होऊ लागले, आणि पुढे ही पद्धत अनेक देशांत पोहोचली. प्रयोगशाळेत जे दिसून आले, तेच या उद्यानातही दिसले: हास्याला विनोदाची गरज असतेच असे नाही, परंतु सोबतीची मात्र बहुधा असते. म्हणून आजाऱ्याचे औषध वेळेवर द्यावेच. पण त्याच्याजवळ घटकाभर बसून चार गोष्टीही कराव्यात.