अंगण खचलं तर: पेव्हर ब्लॉकचं काम, कंत्राटदार आणि आपण



आजचा विषय तसा घरगुती आहे. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, पहिल्याच पावसाळ्यात खचले आणि आता कंत्राटदार फोन उचलत नाही. हे कोणाकोणाच्या घरी झालंय, जरा हात वर करा बघू. (बरेच हात वर होतात.) बरं, म्हणजे मी एकटा नाही.

मी स्थापत्य अभियंता. एकतीस वर्षं सरकारी बांधकामांवर काढली. दुसऱ्यांच्या कामाची मापं घेतली, मोजमाप पुस्तिका लिहिल्या, कंत्राटदारांची बिलं अडवली. आणि सांगलीच्या स्वतःच्या घराचं अंगण करायची वेळ आली तेव्हा करार काय केला? व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज: "पेव्हर काम, ६० मिमी ब्लॉक, मुरूम ९ इंच, ११५ रुपये चौरस फूट." त्यावर मी अंगठा दाखवला. झाला करार. (हशा) पण हा मेसेज लक्षात ठेवा, पुढे त्यानंच मला वाचवलं.

अंगण ४० फूट बाय २० फूट, म्हणजे ८०० चौरस फूट. ९२ हजारांचं काम. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पुण्याला, घरी फक्त आई. वय ८२, वॉकर घेऊन चालते. काम एप्रिलमध्ये आठ दिवसांत उरकलं. येऊन बघितलं तर अंगण आरशासारखं. मी ८० हजार दिले, १२ हजार ठेवले.

जुलैत गाडीच्या चाकांखाली दोन चर पडले. मग पाणी गेटकडे जायचं सोडून घराच्या जोत्याकडे यायला लागलं. ब्लॉक वरखाली झाले. आईच्या वॉकरचा पाय एकदा फटीत अडकला. पडली नाही, पण त्या दिवसापासून तिनं तुळशीपर्यंत जाणं बंद केलं. खुर्ची टाकून दारातूनच हात जोडायची. बोलली काही नाही. म्हणून मलाच जास्त लागलं.

कंत्राटदाराला फोन केला. उत्तर तुम्हाला पाठ असेल: "साहेब, पहिला पावसाळा आहे, बसणारच. दिवाळीनंतर कच टाकून लेव्हल करून देतो."

इथे थोडं तांत्रिक समजून घेऊ, कारण या वाक्यातच सगळा वाद आहे.

आपण ब्लॉकचे पैसे देतो, रंग निवडतो, डिझाइन निवडतो. पण भार पेलतो तो ब्लॉकच्या खालचा थर. ब्लॉक फक्त भार शेजाऱ्यांमध्ये आणि खाली वाटून देतो. सगळ्यात खाली मूळ जमीन. तिच्यावर मुरूम किंवा खडी, थराथरानं पाणी मारून, कॉम्पॅक्टर फिरवून दाबलेली. त्यावर कच किंवा वाळूचा पातळ थर, २० ते ४० मिमी, म्हणजे जास्तीत जास्त दीड इंच. त्यावर ब्लॉक. फटींत बारीक वाळू, आणि चारही कडांना पक्की काँक्रीटची पट्टी, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. भारतीय मानक आय.एस. १५६५८ मध्ये वाहतुकीप्रमाणे ब्लॉकची जाडी वाढत जाते: पायी वावराला ५० मिमी, हलक्या वाहनांना ६०, त्याहून जास्त वर्दळीला ८०.

आता आपल्याकडची मूळ जमीन कोणती? सांगलीकरांना काळी माती सांगायला नको. पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ओली असताना तिच्यावर चाक गेलं की लोण्यासारखी दबते. मुरूम जाड घालायचा तो याचसाठी.

मग गडबड कुठे होते? बहुतेक वेळा त्या कचाच्या थरात. मुरूम कमी पडला, वरखाली राहिला, की मिस्त्री कच जास्त पसरून लेव्हल काढतो. दीड इंचाच्या जागी तीन-चार इंच. वरून बघाल तर तेच गुळगुळीत अंगण. पण कच म्हणजे गादी. पातळ असेल तर बरी, जाड झाली की चाकाखाली दबते आणि पाण्याबरोबर सरकते. अशा अंगणात दिवाळीनंतर आणखी कच टाकणं म्हणजे खचणाऱ्या गादीवर दुसरी गादी. म्हणून मी नको म्हटलं.

खचण्याची जागा पण बोलते बरं का. चाकाच्या रेषेत सलग खड्डा असेल तर खालच्या थराकडे बघा. कडेचे ब्लॉक फाकले असतील तर कडेची पट्टी नाही. एखादाच ब्लॉक डुगडुगतो तो बसवताना राहिलेला असतो. आणि ब्लॉकवर पांढरी भुकटी येते, तो सिमेंटमधला क्षार असतो. दिसायला वाईट, पण बहुधा निरुपद्रवी. त्यासाठी भांडू नका, खऱ्या मुद्द्याचं वजन कमी होतं.

आता वाद. माझी पहिली इच्छा काय होती? दुसरा माणूस बोलवावा, सगळं उखडून नीट करून घ्यावं आणि पैसे याच्याकडून वसूल करावेत. नव्व्याण्णव लोक हेच करतात आणि तिथेच हरतात. कारण उखडलं की पुरावा गेला. खाली साडेचार इंच मुरूम होता की नऊ, हे नंतर कोणाला दाखवणार?

म्हणून आधी पत्र. "अमुक रविवारी सकाळी दहा वाजता अंगणात तीन ठिकाणी ब्लॉक काढून खालचे थर मोजणार आहे. तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर राहावा." व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि स्पीड पोस्टानंही. कंत्राटदार आला नाही, मुकादम आला. शेजारचे दोघं आले. आणि एक बाहेरचा अभियंता बोलावला, फी देऊन. कोणी म्हणेल, तुम्ही स्वतः इंजिनिअर ना? हो, पण स्वतःच्या भांडणात मी तक्रारदार. माझ्या मताला तज्ज्ञाचं मत कोण म्हणणार?

पहिला खड्डा चाकाच्या चरात, दुसरा गेटजवळ. कच साडेतीन इंच, मुरूम साडेचार इंच, खाली थेट काळी माती. टेप लावून फोटो काढले, जागा दिसेल असे लांबून पण काढले. मुकादम तेवढ्यात म्हणाला, "साहेब, मे महिन्यात तुमच्याकडे पाण्याचा टँकर आला होता की. त्यानं दाबलं."

आणि मंडळी, ते खरं होतं. बोअर आटली होती, दोनदा टँकर आला होता. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच पाच टन, गाडीचं वजन वेगळं. ६० मिमीच्या ब्लॉकवर तो आणणं ही माझी चूक. कंत्राटदाराची बाजू म्हणजे नुसती पळवाट असं समजू नका, कधी कधी त्यात दम असतो. इथे होता.

तिसरा खड्डा मी तुळशीजवळ ठरवला होता, तो याचसाठी कामाला आला. तिथे टँकर जाऊच शकत नाही, मध्ये पायरी आहे. गाडी पण जात नाही. तिथेही कच साडेतीन इंच आणि मुरूम साडेचार. टँकरनं मुरूम दाबला जाईल, पण जिथे टँकर गेलाच नाही तिथला अर्धा मुरूम टँकरनं नेला असं कोणी म्हणू शकत नाही. तेव्हा खड्डा खणताना फक्त नुकसानीच्या जागी खणू नका. समोरचा जे कारण सांगणार, ते कारण जिथे लागू पडत नाही अशा जागीही एक खणा.

दुसरा पुरावा आईनं दिला. ती आठ दिवस ओसरीवर बसून काम बघत होती. मी विचारलं, मुरूम किती आला गं? म्हणाली, "दोनच डंपर. दुसऱ्याच्या ड्रायव्हरला मी चहा दिला." आता हिशेब करा. ८०० चौरस फूट, ९ इंच जाडी, म्हणजे ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास दाबलेला मुरूम. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून आणायला हवा साडेसात-आठ ब्रास. दोन ब्रासचे दोन डंपर म्हणजे ४ ब्रास सुटा, दाबून तीनच्या आसपास, आणि ८०० फुटांवर पसरला की साडेचार इंच. टेपनं जे सांगितलं तेच चहानं सांगितलं. (हशा) हा हिशेब कुठल्याही घरमालकाला करता येतो. लांबी, रुंदी, जाडी फुटात, गुणाकार, भागिले शंभर. आणि येणाऱ्या गाड्या मोजा.

ढाळसुद्धा घरच्या घरी बघता येतो. मिस्त्री वापरतो ती पारदर्शक नळी, पाणी भरून. पन्नासाला एक असा ढाळ धरला तर २० फुटांत जवळजवळ पाच इंच उतार हवा. माझ्याकडे जेमतेम एक इंच उरला होता.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सेवेच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्ट लिहिलेली आहे. घरबांधणी ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ सालीच लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सांगितलं होतं. एक फरक मात्र ओळखा. तुम्ही गवंडी हजेरीवर लावला, सामान तुम्ही आणलं, काम तुम्ही सांगाल तसं केलं, तर तो तुमचा माणूस. अशा वैयक्तिक चाकरीच्या कराराला हा कायदा लागत नाही. कंत्राटदारानं काम अंगावर घेतलं असेल तर लागतो.

तक्रार जिल्हा आयोगात. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, कंत्राटदाराच्या गावी हेलपाटे नकोत. वकील नसला तरी चालतो. ऑनलाइनही करता येते, आणि सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघायला हरकत नाही. मुदत मात्र दोन वर्षं. "दिवाळीनंतर करतो" या वायद्यात एक दिवाळी जाते, मग दुसरी. वायद्यांनी मुदत वाढते असं धरून चालू नका. निकाल किती दिवसांत? कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागणार असेल तर पाच. प्रत्यक्षात किती, ते आयोगाच्या बाकावर बसलेल्या कोणालाही विचारा.

मागायचं काय? काम दुरुस्त करण्याचा खर्च, झालेला त्रास, तक्रारीचा खर्च. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ सांगतं, की करार मोडल्यामुळे सरळ झालेलं नुकसान मिळतं, आणि ते कमी राखायला तुम्ही काय केलंत हेही बघितलं जातं. म्हणजे ब्लॉक खचले म्हणून ग्रॅनाइटचं अंगण मागू नका. आणि जोत्याला पाणी लागतंय हे दिसत असताना नुसते बसून राहू नका. मी तात्पुरती चर खणून पाणी वळवलं आणि त्याचाही फोटो ठेवला.

राहिलेल्या १२ हजारांबद्दल. पैसे अडवले तर का अडवले हे लिहून कळवा. मुकाट्यानं अडवलेत तर उद्या तोच दिवाणी दावा लावेल, आणि कागदावर तो काम करून पैसे न मिळालेला माणूस दिसेल.

तक्रार लिहून तयार होती, दाखल करावी लागली नाही. अभियंत्याचा अहवाल, तीन खड्ड्यांचे फोटो आणि तो "मुरूम ९ इंच" मेसेज असं सगळं दुसऱ्या नोटिशीबरोबर पाठवलं. चौथ्या दिवशी कंत्राटदार स्वतः आला. तुळशीजवळच्या खड्ड्याकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "साहेब, काम मी घेतलं, पण टोळीला चौरस फुटावर दिलं होतं. मुरूम त्यांनीच बघितला." मी म्हटलं, माझा करार तुमच्याशी आहे, टोळीशी नाही. तेही त्याला माहीत होतं.

साध्या कागदावर लिहिलं: सगळे ब्लॉक काढायचे, खोदाई पूर्ण करायची, मुरूम दोन थरांत, पाणी मारून दाबून, ९ इंच, कच दीड इंचापेक्षा जास्त नाही. प्रत्येक थर झाकण्याआधी मोजून फोटो. तेच ब्लॉक परत वापरायचे, फुटतील ते त्यानं द्यायचे. १२ हजारांपैकी निम्मे काम झाल्यावर, निम्मे पुढचा पावसाळा गेल्यावर. आणि गेटजवळच्या पट्ट्यात ८० मिमीचे ब्लॉक, त्याच्या फरकाचे पैसे माझे, कारण टँकर पुन्हा येणारच. दोघांच्या सह्या, शेजाऱ्याची साक्ष.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: "ज्यानं फसवलं त्यालाच परत काम का दिलं?" फसवलं की दुर्लक्ष केलं, मला आजही नक्की सांगता येत नाही. पण हिशेब साधा होता. दुसऱ्याकडून केलं असतं तर पैसे आधी माझे जाणार होते आणि परत मिळायला आयोगाची वाट बघायची होती. याच्याकडून केलं तर खोदाई, मुरूम, मजुरी त्याची. तो आलाच नसता तर तक्रार दाखल केली असती, कागद तयारच होते. या वेळी मी मात्र पुण्याला गेलो नाही. खुर्ची टाकून बसलो आईशेजारी, आणि दोघांनी मिळून डंपर मोजले. चार आले.

दोन पावसाळे झाले. आई सकाळी तुळशीपर्यंत जाते. तिची एकच तक्रार आहे, गेटजवळच्या ब्लॉकचा रंग वेगळा दिसतो. दिसतोच, दुसऱ्या लॉटचे आहेत ते.