आधी पुरावा मागणीचा, मग नोटांचा

समजा, कांदिवलीत चारकोपच्या एखाद्या दुकानदाराचे परवान्याचे कागद पूर्ण आहेत, शुल्कही भरले आहे. तरी फाइल हलत नाही. मग कोणीतरी कानात सांगतो, ‘साहेबांचं बघावं लागेल.’ बहुतेक जण पैसे मोजून मोकळे होतात. पण दुसरी वाट आहे. ती वरळीला मुख्यालय असलेल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, म्हणजे एसीबीकडे जाते.

तक्रार आली की लगेच सापळा लागत नाही. आधी पडताळणी होते. तक्रारदाराजवळ व्हॉइस रेकॉर्डर देतात, सोबत पंच पाठवतात. पंच शक्यतो सरकारी नोकरीतलाच असतो. पैसे कोण मागतो, किती आणि कोणत्या कामासाठी, तडजोड कितीवर झाली, हे सारे रेकॉर्ड होते आणि पंचनाम्यात उतरते.

सापळ्याच्या दिवशी नोटांचे क्रमांक लिहून घेतात, त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावतात. तक्रारदाराला बजावलेले असते, मागितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. ठरलेला इशारा मिळताच पथक आत शिरते. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात घेणाऱ्याची बोटे बुडवली की पाणी गुलाबी होते. ते बाटलीत भरून, पंचांच्या सह्यांनिशी सीलबंद करून प्रयोगशाळेकडे जाते.

तरीही खिशात नोटा सापडल्या एवढ्यावर शिक्षा होत नाही. लाचेची मागणी सिद्ध व्हावीच लागते, असे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आले आहे. खटल्यात तक्रारदार फितूर झाला किंवा हयात नसला, तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते, असा निर्वाळा घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये दिला. अशा वेळी पडताळणीचा नेटका पंचनामा खटला तारतो. खटल्याआधी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरीही लागते. गुन्हा शाबीत झाल्यास ३ ते ७ वर्षे कैद आहे.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली, तर ७ दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. आधीच कळवून तपासाला मदत म्हणून पैसे देणाऱ्यावर गुन्हा लागत नाही.

म्हणून पैसे मागितले की वाद घालू नका आणि खिशातही हात घालू नका. एसीबीचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. तो पैसे देण्याआधी फिरवा.