घाटातून ट्रॅकवर!

रील बघताना तुम्हीही ओरडला असाल, 'काय वळवली राव!' मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडायची, स्टिअरिंग उलटं द्यायचं आणि घसरती गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर सांभाळायची. हेच ड्रिफ्टिंग.

हे वेड वाढलं जपानच्या घाटांत. रात्री पोरं जुन्या गाड्या घेऊन डोंगरात जायची. केइची त्सुचिया त्यांच्यातलाच एक. पुढे तो रेसर झाला, 'ड्रिफ्ट किंग' म्हणून गाजला. पण वळणापलीकडून घरी निघालेल्या माणसाला काय माहीत, समोर आडवी गाडी येतेय?

हा खेळ टिकला, कारण तो ट्रॅकवर आला. त्सुचिया आणि 'ऑप्शन' मासिकाचे दाइजिरो इनादा यांनी स्पर्धा उभी केली. २००१ मध्ये डी१ ग्रांप्री मालिका सुरू झाली. इथे आधी कोण पोचलं याला महत्त्व नाही. वेग, कोन आणि रेषा यांना गुण.

तुम्हालाही ग्रुप जमवायचाय? मग आधी जागा शोधा: बंदिस्त आणि परवानगीची. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. बाबांची हॅचबॅक तर विसराच. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं. मागची चाकं फिरवणारी एकच जुनी गाडी सगळ्यांत मिळून घ्या. गाडी नसली तरी कामं भरपूर आहेत. कुणी टायर बदलेल, कुणी झेंडा दाखवेल, कुणी अग्निशामक घेऊन उभा राहील. आणि हेल्मेट नसलेल्या मित्राला 'आज नाही' म्हणणारा एक जण हवाच. तो तुम्हीच व्हा!