स्थळाच्या नोंदणीत दलाली कोणाची?

मुलामुलींसाठी स्थळ पाहायचे तर पूर्वी नातेवाईक, मेळावे आणि वधू-वर सूचक मंडळाची वही होती. आता ती वही मोबाईलमध्ये आली आहे. नोंदणीचे हजार रुपये भरताना आईवडिलांना वाटते, सारे पैसे स्थळे दाखविणाऱ्या कंपनीला गेले. परंतु बंधू-भगिनींनो, ज्या दुकानातून ते ॲप आपण उतरवून घेतो, त्या दुकानाचा वाटाही त्यात असू शकतो.

ही दुकाने मुख्यतः दोनच. गुगलचे प्ले स्टोअर आणि ॲपलचे ॲप स्टोअर. ॲपलने २००८ साली दुकान उघडले तेव्हा शंभरामागे तीस रुपये असा दर ठेवला. पुढे बऱ्याच विक्रीवर तो पंधरापर्यंत उतरला. रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, किराणा यांवर ही दलाली नाही. ती लागते मोबाईलमध्येच वापरायच्या गोष्टींवर: स्पर्धा परीक्षेचे वर्ग, ऐकायची पुस्तके, खेळ, स्थळांची नोंदणी.

दलाली असावी की नसावी हा वेगळा प्रश्न. दुकान चालवायला, फसवी ॲप्स रोखायला खर्च येतो, हे मान्य. पण गुगलची अट अशी होती की गिऱ्हाईकाने पैसेही आमच्याच गल्ल्यात भरावेत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये या सक्तीबद्दल गुगलला ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६ कोटी ६९ लाखांवर आला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

मधल्या काळात गुगलने बाहेरच्या पद्धतीने पैसे घेण्यास मुभा दिली, मात्र दलालीत सूट दिली फक्त चार टक्क्यांची! मी वाणिज्य शाखेचा माणूस, मला आधी हिशेब दिसतो. हजारावर तीनशेऐवजी दोनशे साठ गुगलला द्यायचे, शिवाय पैसे गोळा करून देणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा खर्च वेगळा. मग मुभेत उरले काय? भारत मॅट्रिमोनी, शादी डॉट कॉम अशा कंपन्यांचे या शुल्कावरून भांडण होते. १ मार्च २०२४ रोजी गुगलने त्यांची ॲप्स दुकानातून काढूनच टाकली. केंद्र सरकारने लक्ष घातल्यावर चार-पाच दिवसांत ती परत आली.

अमेरिकेतही हीच चाल. न्यायालयाच्या आदेशामुळे ॲपलला बाहेर पैसे भरण्याची वाट दाखवू द्यावी लागली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये तिने त्या विक्रीवरही सत्तावीस टक्क्यांपर्यंत दलाली लावली. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीशांनी हा जाणूनबुजून केलेला अवमान ठरविला.

आपल्या खिशाशी याचा संबंध कसा, ते ट्विटरने उघड केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतात तिची महिन्याची वर्गणी संकेतस्थळावर ६५० रुपये होती, मोबाईल ॲपमधून ९००. सगळ्याच कंपन्या असा फरक ठेवत नाहीत, म्हणून पैसे भरण्यापूर्वी ब्राउझरमधून कंपनीचे संकेतस्थळ उघडून दर ताडून पाहावा. पत्ता स्वतः टाइप करावा, कोणी पाठविलेली लिंक दाबू नये. बाहेर भरलेले पैसे परत मागायचे तर त्या कंपनीशीच बोलावे लागते, म्हणून पावती जपून ठेवावी. यूपीआयने आपोआप वर्गणी कापण्यास संमती दिली असेल, तर ती त्याच यूपीआय ॲपमधील ऑटोपेमध्ये जाऊन रद्द करता येते.